दुबेजींची खोली आणि आमचं मॉडर्न मंडळ

चहाच्या पातेल्याला थर चढतो ना, तसे किस्से चढत जातात, घासले तरी निघत नाहीत. आमच्या मॉडर्न आर्ट मंडळाचे इतके साचले, की मी सांगून राहिली अन् नात लिहून राहिली.

*

यांनी मंडळ काढलं, तर रजिस्ट्रेशनला सात मेंबर लागत होते. निघाले सहा! ऑफिसातले बाबूजी फाईल बंद करू लागले. मी डबा घेऊन बाहेर उभी. यांनी मलाच आत ओढलं. कागदावर माझा निळा अंगठा उमटवला. शाळेत ड्रॉइंग शिकवणारी आमची सुधा म्हणाली, "काकू, मंडळातलं पहिलं मॉडर्न चित्र तुमचं!"

*

मदन महल मोहल्ल्यात दुबेजींनी आपल्या घरातली एक खोली दिली. 'कला मंडल' म्हणजे देवांची चित्रं, अशी त्यांची समजूत. पहिल्या प्रदर्शनात चारही भिंती फिरून यांना म्हणाले, "भाई साहब, भगवान किधर हैं?"

हे चष्मा पुसू लागले.

सुधा म्हणाली, "ढूँढ ही तो रहे हैं, दुबेजी!"

खोली वाचली.

*

यंदा मात्र दुबेजींनी सांगून टाकलं: प्रदर्शन पटलं नाही, तर खोली कोचिंगवाल्याला. आम्हाला दुसरी जागा कोण देणार? मीटिंगमध्ये तिघं म्हणाले, भेडाघाटाच्या धबधब्याची चित्रं लावू, खूश होतील. सुधा भडकली, "मग मंडळ काहून पाहिजे? कॅलेंडर छापा!" तीन विरुद्ध तीन. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

म्हटलं, "भेडाघाट पाहायचा तर मी ऑटोनं जाईन!"

*

सुधा आपलं मोठं राखाडी चित्र सदर बाजाराहून ऑटोत घेऊन आली. उतरताना ऑटोवाल्या भैयानं विचारलं, "दीदी, पूरा हो गया, कि अभी बाकी है?"

सुधाचा चेहरा पडला. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी! तासभर चित्रासमोर बसली, मग अर्धं पांढऱ्या रंगानं झाकून टाकलं.

"काकू, भैयानं बरं विचारलं. जरा जास्तच पूरं झालं होतं."

*

शेवटच्या दिवशी दुबेजी कुलूप घेऊनच आले. पाच मिनिटांत फिरले. "हो गया. सामान निकालिए."

आमच्या मंडळात एक रिवाज आहे. नव्या चित्रापुढे उदबत्ती लावायची. ती विझेपर्यंत पाहणाऱ्यानं बोलायचं नाही, उठायचं नाही. मी सुधाच्या चित्रापुढे एक लावली, खुर्ची सरकवली. "बैठिए दुबेजी. ये बुझ जाए, फिर लगा देना ताला."

"चलो, ये भी सही." बसले. कुलूप मांडीवर.

आधी घड्याळ पाहिलं. मग पाय हलवला. मग तोही थांबला. सुधानं माझा पदर घट्ट धरला होता. दुबेजींचा फोन वाजला, वाजून वाजून बंद पडला. उदबत्ती बोटभर राहिली, मग नखाएवढी. राख पडली. विझली.

कोणी हललं नाही.

दुबेजी चित्रावरची नजर न काढता म्हणाले, "भाभीजी, दूसरी लगाइए."