महासंकटाचं कपाट

आमच्या घरातले वाटाणे कधी साधे नसत, ते महासंकटाचे असत. दर तीन महिन्यांनी माझी आत्या पिशवीभर पत्र्याचे डबे आणून ओट्यावर मांडायची आणि सांगायची, यांची मुदत संपत आलीये, जगाची अजून नाही, तेव्हा खाऊन टाका. बाबा तिचे धाकटे भाऊ. मंडळीने जाहीर केलेल्या दुसऱ्या शेवटानंतरही सूर्य वेळेवर उगवला, तेव्हा त्यांनी मंडळी सोडली. वाटाणे मात्र सोडले नाहीत.

मंडळी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर दर रविवारी प्रार्थनेला जमणारी चाळीसेक माणसं. जगाचा शेवट जवळ आलाय, त्याआधी महासंकट येणार आणि विश्वासात टिकून राहील तोच वाचणार, यावर त्यांचा पक्का भरवसा. दोनदा तोंडघशी पडल्यावर त्यांचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तारीख सांगायचे बंद झाले होते. आता ते फक्त 'लवकरच' म्हणत. महासंकट साडेतीन वर्षं चालणार म्हणून मंडळीने एक लोखंडी कपाट घेतलं आणि त्यात अन्न साठवायला सुरुवात केली. कपाटात चाळीस माणसांचं साडेतीन दिवसांचं अन्न मावलं. उरलेल्या दिवसांचं देव बघेल, असं एकमताने ठरलं.

किल्ली आणि मुदत संपत आलेले डबे बदलायचं काम आत्याकडे आलं. दवाखान्याच्या धोबीखात्यात तिने उभा जन्म काढला होता आणि तिच्या हातून एक चादर कधी इकडची तिकडे झाली नव्हती, एवढी पात्रता पुरेशी होती. लग्न तिने केलं नाही. म्हणजे ठरत आलं होतं, पण नेमका त्याच वर्षी पहिला शेवट जाहीर झाला आणि तिने मुलाकडच्यांना जरा थांबायला सांगितलं. जग राहिलं, स्थळ गेलं. मला तिचा फार राग यायचा. माझी जीभ पहिल्यापासून तिखट, त्यामुळे तो मी लपवलाही नाही. अजून किती वर्षं वाट बघणार, असं विचारलं की ती नवे डबे मागे आणि जुने पुढे लावत म्हणायची, वाट बघणं हेच तर काम आहे. गुडघे धरले तरी ती रविवारचा जिना चुकवायची नाही. रविवार तेवढा तिचा स्वतःचा होता, बाकीचे सहा दिवस ती आमची होती.

मग एका दुपारी नदीचा बांध फुटला. आमच्या गल्लीत सगळी बैठी घरं. वर जायला जिना एकच, हार्डवेअरच्या दुकानाचा. तासाभरात साठ माणसं मंडळीच्या सभागृहात येऊन बसली. त्यांत मी आणि बाबा होतो, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले पाळकसाहेबही होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाच्या पोटात कण नव्हता. सायकलदुरुस्तीवाल्याची सासू साखरेची पेशंट. सकाळी तिने सवयीने इन्सुलिनची सुई टोचून घेतली होती आणि वर खायला काही मिळालं नव्हतं. ती घामाने भिजून थरथरायला लागली. सगळ्यांचे डोळे कपाटाकडे गेले, आणि तिथून आत्याकडे.

पाळकसाहेब उठून उभे राहिले. हे महासंकट नव्हे, हे त्यांनी शांतपणे पटवून दिलं. सूर्य काळा पडलेला नाही, तारे गळालेले नाहीत. माणसांपैकी एक तृतीयांश मरायला हवीत, आणि आपल्या गल्लीत तर एकटे पोस्टमनकाका गेले, तेही आधीपासून अंथरुणालाच खिळलेले होते. हे अन्न शेवटासाठी वाहिलेलं आहे. वेळेआधी जो कपाट उघडेल, त्याचा धीर सुटला असं समजावं लागेल आणि मंडळीला त्याच्याबद्दल निर्णय घ्यावा लागेल. त्यांनी आत्याकडे पाहिलं नाही, पण निर्णय कुणाबद्दल ते सगळ्यांना कळलं.

आत्या कपाटाला पाठ लावून उभी होती. ती नाही उघडणार, अशी माझी खात्री होती. ज्या बाईने एका तारखेपायी संसार सोडला, ती एका परक्या म्हातारीपायी मंडळी सोडणार नाही. तिचे ओठ हलत होते. मग तिने गळ्यातली किल्ली काढली.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "हिच्या घरात छातीभर पाणी आहे. शेवट आलाय की नाही, ते हिला विचारा."

आणि तिने कपाट उघडलं. तेव्हा कळलं की डबे फोडायचं साधन आत ठेवलंच नव्हतं. इतक्या वर्षांत ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, बहुधा देवदूत येताना घेऊन येणार होते. शेवटी सायकलवाल्याने खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने अननसाचा डबा फोडला आणि आत्याने म्हातारीला चमच्याचमच्याने पाक पाजला. थरथर थांबली. मग सगळ्यांना वाटाणे मिळाले. पाळकसाहेबांनी संध्याकाळपर्यंत धीर धरला आणि मग डोळे मिटून खाल्लं.

पाणी ओसरल्यावर दुसऱ्या रविवारी मंडळीची बैठक होती. जिना अजून ओलसर होता आणि खालून चिखलाचा वास येत होता. निर्णय आधीच झाला होता. आत्याने सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर नाव कमी होणार. नाव जाऊ दे, चुलीत गेली तुझी मंडळी, असं मी तिला आदल्या दिवशी सांगून पाहिलं. बाबांनीही सांगितलं. ती म्हणाली, "शेवटपर्यंत टिकायचं म्हणजे शेवटपर्यंत. मधेच उठून जायचं नाही." मला संतापाने रडू आलं. या वयात हिला मान खाली घालून उभी राहिलेली मला बघायची नव्हती. तरी तिला एकटी कशी सोडणार, म्हणून मी जाऊन मागच्या बाकावर बसले.

किल्ली तिने आधीच टेबलावर ठेवली होती. पाळकसाहेब म्हणाले, "बहीणबाई, देवाने जे कपाट तुमच्यावर सोपवलं, त्याच्या बाबतीत तुमचं चुकलं, हे तुम्हाला मान्य आहे का?"

आत्या बाकाला धरून उठली. "मान्य आहे," ती म्हणाली. "एकवीस वर्षं मी ते कुलूप लावून ठेवलं. तेवढ्या वर्षांत या गल्लीत कितीजण उपाशी झोपले असतील, आणि किल्ली माझ्या गळ्यात होती. माझं फार चुकलं. देवाने मला माफ करावं, आणि तुम्हीपण."

ती खाली बसली. बैठकीची नोंद लिहिणाऱ्या चिटणीसांनी पेन हातात धरून पाळकसाहेबांकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी छताकडे. पण माफी मागायला त्यांनीच सांगितलं होतं आणि ती सगळ्यांसमोर रीतसर मागून झाली होती, त्यामुळे ती त्यांना मान्य करावी लागली.