घरभरणीचा दिवा

"आमच्यात एकट्या बाईला रूम देत न्हाईत," हायवेवरच्या लॉजचा माणूस मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला. मी म्हटलं, "मग सायकलीला नवरा म्हणून लिहून घ्या!" मेला हसलाही नाही. आणखी चार शब्द सुनावले असते, पण पायांत त्राण नव्हतं आणि ऊन उतरायला लागलं होतं.

पन्नाशी ओलांडलेली बाई एकटी सायकलवरून गावोगाव फिरते म्हटलं की लोक विचारतात, भीती नाही वाटत? चढाची नाही वाटत, कुत्र्यांचीही नाही. दिवस कलला की मात्र वाटते. आज पाठ कुठे टेकायची? मुलाचा फोन नेमका त्याच वेळी येतो. "आई, जागा मिळाली?" त्या दिवशी मी ठोकून दिलं, "मिळाली रे," आणि कामथडी मागे टाकून नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागले. वाटेत एका देवळाला कुलूप, पुढच्या शाळेलाही कुलूप.

मग शेतात एकटंच उभं असलेलं नवं घर दिसलं. दाराला आंब्याचं तोरण, अंगणात अर्धा सोडलेला मांडव. घरभरणी झालेली होती. एक माणूस भाड्याची पातेली टेम्पोत भरत होता आणि उंबऱ्यात नवी हिरवी साडी नेसलेली, माझ्याच वयाची बाई डोळ्यांना पदर लावून रडत होती. घरभरणीच्या दिवशी रडणं!

मी रस्त्यावरूनच विचारलं, "रात्रीपुरतं ओट्यावर झोपू का?"

"न्हाई वो दादा. घरात गडीमाणूस न्हाई."

दादा! मी हेल्मेट काढलं.

"अगं बया, बाईमाणूस हाय की!" रडता रडता तिला हसू फुटलं. पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि मग सगळं सांगून टाकलं. पहिलटकरीण लेक बाळंतपणाला आलेली. दुपारी पंगत बसली असतानाच तिच्या पोटात दुखायला लागलं. हिचा नवरा लेकीला घेऊन भोरच्या दवाखान्यात गेला. लेक फोनवर "आये, तू ये" म्हणून रडतेय, आणि ही इथे अडकलेली. घरभरणीच्या रात्री नवं घर रिकामं ठेवत नाहीत. दिवा विझू द्यायचा नाही आणि घरच्याच माणसानं तिथे झोपायचं. टेम्पोवाला तिचा भाऊ, तो भोरलाच निघालेला, पण तिला जाता येईना.

"शेजारीपाजारी कुणी नाही?"

"भावकी हाय की. बांधावरनं बोलणं बंद हाय. त्यास्नी कुठल्या तोंडानं सांगू?"

"मग जा तुम्ही. मी राखते दिवा. मला तरी दुसरं काय पाहिजे? झोपायला जागाच पाहिजे."

तिनं माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं. "पर घरचं माणूस लागतंय वो ताई."

भावानं हॉर्न वाजवला. ती आत निघून गेली. मला वाटलं, झालं, उचला आता सायकल. तर ती तांदूळ, नारळ आणि खण घेऊन बाहेर आली. "बसा पाटावर. ओटी भरते. या घरची लेक झाला की तुमी माझ्या वन्सं. नवऱ्याची भैन झोपली घरात, तर देव काय म्हनंल?"

"अहो, थांबा." मी हात मागे घेतले. "मला यजमान नाहीत. बरीच वर्षं झाली."

"म्या इचारलं का? लेकीची ओटी भरत्यात, नवऱ्याची न्हाई."

सायकलच्या कपड्यांना पदर कुठला असायला? गळ्यातला पंचा पसरला, त्यात तिनं ओटी घातली. कपाळाला कुंकू टेकवलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. "भात-आमटी हाय, बुंदी हाय, लाजू नका वन्सं!" असं ओरडतच ती टेम्पोत चढली.

मी दिव्यात तेल घातलं, पोटभर जेवले आणि अंथरूण घातलं. तेवढ्यात अंगणातून कुणीतरी बॅटरी मारली. "कोन हाय रं तिकडं?" भावकी असणार. मी आतून दरडावलं, "घरची लेक!" बॅटरी मुकाट्यानं माघारी गेली. हुश्श! इतकी निवांत झोप त्या प्रवासात दुसरी लागली नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं ती उतरली. आधी उंबऱ्यातून दिवा बघितला. जळत होता. मग म्हणाली, "नात झाली, वन्सं! दोघी बी खुशाल हाईत." आम्ही दोघी बराच वेळ नुसत्याच हसत बसलो. निघताना तिनं बुंदीची पुडी माझ्या कॅरिअरला बांधली. आई गेल्यापासून मला वाटेत खायला बांधून देणारं कुणी उरलं नव्हतं.

पुढच्या चढावर मुलाचा फोन आला. "काल झोपलीस कुठे गं?"

"माहेरी."

"काय? रेंज जातेय, ऐकू येत नाहीये."

मी सायकल थांबवली, एक पाय जमिनीला टेकवला आणि मोकळ्या रानात जीव खाऊन ओरडले, "माहेरी रे, माहेरी!"