माहेरी गेलेल्या

आकड्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, हे माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कोविडच्या काळात गरोदर बायकांचं काय झालं, हे पनवेलमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून शोधायचं काम आलं, तेव्हा मी बाह्या सरसावूनच बसले. प्रश्न सरळ होता. ज्यांना आजार झाला त्या दिवस भरायच्या आधी बाळंत झाल्या का, आणि मुलं वाचली का? माझ्याकडे नावं नव्हती, नुसते क्रमांक होते.

बऱ्याच नोंदी सातव्या महिन्यापर्यंत नीट चालायच्या आणि पुढे कोऱ्या. मी त्यांच्यावर 'अपूर्ण' असा शेरा मारून त्या बाजूला काढल्या. अर्धवट नोंदींवर आकडेमोड करायची नसते, असं आरोग्य केंद्राच्या सिस्टरांना ऐकवलंही.

सिस्टर पनवेलजवळच्या कोन गावच्या. तिथल्या गरोदर बायकांची वही कित्येक वर्षं त्यांच्याच हातात आहे. त्यांनी माझ्या यादीतले क्रमांक त्या वहीशी ताडून पाहिले आणि म्हणाल्या, "मॅडम, या अपूर्ण नाय. पयल्या बालंतपनाला माहेरी गेल्यात."

मला माझाच राग आला. मी स्वतः सातव्या महिन्यात सासरहून, इथल्या रोडपालीहून, साताऱ्याला आईकडे गेले होते. माझीही नोंद कुठल्यातरी वहीत अशीच अर्धी पडलेली असणार. आणि मी निघाले होते फक्त सासरी राहिलेल्यांना मोजून सगळ्यांबद्दल बोलायला.

मग सिस्टरांनी वहीतली नावं काढून एकेकीला फोन लावला. वेळ फुकट जातोय म्हणून आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी कुरकुर केली, पण मी जुमानलं नाही. बहुतेकींनी फोनवरच सगळं सांगितलं. एक मात्र कोनहून स्वतः आली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात उरणकडच्या, माहेरच्या दवाखान्याचा कागद. कोविड झालेला असताना, आठवा लागताच ती बाळंत झाली होती. मुलगा दोन दिवस जगला. रस्ते बंद होते, सासरचं कुणी पोचलं नाही. त्यांनी त्याला पाहिलंच नाही, म्हणून घरात त्याचं नावही निघत नाही, असं ती म्हणाली.

"तुमच्या कागदावर तो येल ना?" तिने विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. नाव येणार नाही, त्याच्यामुळे मोजलेल्या मुलांचा आकडा फक्त एकाने वाढेल, असं मी सांगितलं.

"वाढू द्या."

पण ती उठेना. तो आकडा वाढताना तिला बघायचा होता. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली, कागद बघून नोंद पूर्ण केली आणि शेवटचं बटण दाबलं. खालचा आकडा बदलला. तिने त्यावर हलकेच बोट ठेवलं.

"ह्योच का?"

"हाच," मी म्हणाले.