बर्फातल्या हाताची कळ

आधीच सांगतो, करणी, मंत्र, अंगारा असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. राहतो दौंडला, रोज डेमू गाडीने पुण्याला जातो आणि तिथे एका लॅबमध्ये लोकांच्या डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लाटांचा आलेख काढतो. हाच माझा धंदा!

माझे सासरे, आप्पा, शिरूरजवळ भाजीपाला पिकवतात आणि विंचवाची कळ उतरवतात. म्हणजे माणसाला आधी दवाखान्यात धाडतात, मग घरी बसून मंत्र म्हणतात. मुलाच्या बारशात पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "इंजेक्शन डॉक्टरचं आणि नाव तुमचं, बरं जमलंय." झालं… आप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आता जावळ तोंडावर आलेलं, आणि आजोबा यायला तयार नाहीत म्हणून माझी बायको सारिका रोज डोळ्यांत पाणी आणायची. चूक माझीच होती, पण माफी मागायला जीभ वळेना.

गेल्या महिन्यात लॅबमध्ये वेदनेवरचा प्रयोग सुरू झाला. हात बर्फाच्या पाण्यात ठेवायचा आणि मेंदू काय करतो ते बघायचं. डोळे मिटून निवांत बसलं की संथ अल्फा लाटा दिसतात, कळ लागली की त्या दबतात. मशीन तपासायला पहिला बकरा मीच झालो.

पहिल्या मिनिटातच ब्रह्मांड आठवलं. लाटा पार दबल्या. आणि मग… कळ गेली! हात बधिर झाला म्हणाल, तर आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी काढलेला चिमटा चांगलाच लागला. पण स्क्रीनवर अल्फा लाटा अशा, जसा काही मी जेवून ओट्यावर टेकलोय. वेळ अकरा बेचाळीस. मॅडमनी वायरी तीनदा तपासल्या.

घरी सांगितल्यावर सारिकाने फोन काढून कॉलची यादी उघडली. मग कबूल केलं — मी सकाळी प्रयोगाचं बोललो होतो, तेवढ्यावरून तिने आप्पांना फोन लावला होता, की यांच्या हाताला कळ लागलीय, काहीतरी करा. समेटासाठी मारलेली थाप! फोनवर वेळ होती अकरा एक्केचाळीस. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

नंतर मी तीनदा हात बुडवून पाहिला. दर वेळी बोंब मारत बाहेर काढला. मॅडम म्हणतात योगायोग. असेलही. मला अजून उलगडा झालेला नाही.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. कळ उतरली हे दुखणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत आप्पा जेवत नाहीत. दुपारपासून उपाशी बसून शेवटी त्यांनीच फोन केला.

"जावईबापू, उतरली का न्हाई कळ?"

या वेळी मात्र जीभ वळली. "उतरली, आप्पा. आधी जेवून घ्या… बारशात मी चुकलो."

"ते ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "जावळाला कवा यायचं, तेवढं सांगा."