रूळ बंद, काका खूश

गाडी रद्द झाल्याची बातमी ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं असा माणूस अख्ख्या विदर्भात एकच आहे, आणि माझं दुर्दैव असं की तो मनीषनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. मी प्रवाशांच्या हक्कांसाठी पत्रकं काढणारी मुलगी. काटोलकडची पॅसेंजर रूळकामासाठी बंद झाली तेव्हा ‘गाडी बंद, जनता वाऱ्यावर! जवाब द्या!’ हा मथळा मीच लिहिला होता, आणि तो मला अजूनही आवडतो. पहिली प्रत शेजारधर्म म्हणून काकांना दिली. त्यांनी चष्मा लावला, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि ‘जवाब द्या’च्या शेजारी लिहिलं, ‘रूळ बदलून राहिले.’ मग मान वर करून म्हणाले, “काहून वं पोरी, चालत्या स्कूटीचं चाक बदलता येते का तुले?” मी तिथून पाय आपटत निघून आले.

काका रूळ दुरुस्तीच्या टोळीचे मुकादम होते. रूळ दुरुस्त करायचा तर काही तास गाड्या थांबवाव्या लागतात. त्याला ते ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि तो शब्द अशा सुरात उच्चारतात की ऐकणाऱ्याला सणाची आठवण व्हावी. चार तास मागितले की दोन मिळायचे, त्यातला अर्धा एखादी मालगाडी खाऊन जायची, हे दुःख त्यांनी निवृत्तीनंतरही उराशी धरून ठेवलं आहे. अजूनही ते रस्त्यानं चालतात ते रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून चालल्यासारखे, मोजून सारखी पावलं टाकत. रूळ ठोकून तपासायची सवय, म्हणून हाती लागेल ती वस्तू घराच्या किल्लीनं ठोकून तिचा आवाज ऐकतात. लग्नात गेले की मांडवाचे खांब ठोकतात, आणि एकदा माझा गुडघा ठोकून “ढिला आहे” असा शेरा मारला होता. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा त्यांनी दाराला लाल फडकं बांधलं आणि दोन दिवसांचा ब्लॉक जाहीर केला. “अहो, नळ आहे हा, मेन लाइन नाही!” काकू बाहेरून ओरडत होत्या. दोन दिवस त्या घराचा चहा आमच्याकडून गेला. नळ मात्र आजतागायत गळलेला नाही, हे मला नाइलाजानं लिहावं लागतं.

त्यांची लेक जर्मनीत, बर्लिन आणि हॅम्बुर्गच्या मधल्या एका लहान गावात राहते. मागच्या वर्षी तिथला रेल्वेमार्ग दुरुस्तीसाठी एकदमच बंद केला, तोही महिनोन्महिने. लांबच्या गाड्या दुसऱ्या वाटेनं वळवल्या, मधल्या गावांना रेल्वेऐवजी बस. लेकीनं फोनवर वैतागून हे सांगितलं, तर काकांनी गल्लीत संत्रा बर्फी वाटली. “महिन्यांचा ब्लॉक! आमी जन्मभर तास मागत राहिलो वं!” मी संतापून विचारलं, “आणि तिथल्या लोकांचे हाल?” तर म्हणाले, “बस दिली ना त्यांनी?” काटोलच्या लोकांना कुणी काही दिलं नव्हतं.

त्याच सुमाराला नात पहिलीत जाणार होती. तिकडे पहिल्या दिवशी पोरांच्या हातात त्यांच्या अंगाएवढा कागदी कोन देतात, खाऊनं भरलेला, आणि सगळं घर शाळेत जातं. काकू महिनाभर आधी गेल्या. काकांचा व्हिसा उशिरा आला, त्यामुळे ते बर्लिनला उतरणार ते नेमके त्याच सकाळी. जावई म्हणाला, कार घेऊन येतो. “रेल्वेतल्या माणसाले कारनं नेता?” काका दुखावले. निघताना मात्र माझ्याशी वेगळंच बोलले. लेकीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी ते काटोलजवळ ब्लॉकवर होते. तिचं बोट धरून एकट्या काकूच गेल्या होत्या. “एक शाळा हुकली माही,” ते म्हणाले, “ही नाही हुकू द्यायची.”

लेकीनं चारचारदा बजावलं होतं : गाडी जंक्शनपर्यंतच येते, तिथं उतरा, बदली बसचा थांबा स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर आहे, ती कुणासाठी थांबत नाही. काका उतरले आणि सवयीनं थेट बंद मार्गाच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहिले. तिकीट रेल्वेचं आहे, मग उभं कुठं राहायचं? समोर रूळच नव्हते, नुसती गिट्टी, रुळांखालची खडी, उरली होती. मागच्या रस्त्यावरून पहिली बस निघून गेली. तेवढ्यात नारिंगी जाकिटातली टोळी कामाला आली, आणि काका जग विसरले. कडेला ठेवलेला नवा रूळ त्यांनी किल्लीनं ठोकला, कान लावला, आणि तिथल्या मुकादमाला म्हणाले, “भाऊ, माल चांगला आहे गा!” त्यानं हसून जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. मग दोघं हातवारे करून स्लीपरबद्दल बोलले. दुसरी बस गेली. शेवटी अभिमानानं काकांनी कोन घेतलेल्या नातीचा फोटो दाखवला, जो लेकीनं नुकताच पाठवला होता. त्या माणसानं फोटोतला शाळेचा कोन ओळखला, घड्याळ पाहिलं, हातमोजे फेकले, एका हातात बॅग आणि दुसऱ्यात काकांचं मनगट धरून धावत सुटला आणि तिसऱ्या बससमोर आडवा उभा राहिला. “मुकादमाची पकड वं,” काका अजून मनगट चोळत सांगतात, “तिकडेबी तशीच.”

शाळेतला समारंभ हुकला. पण पहिला तास संपवून पोरं बाहेर आली तेव्हा दारात आजोबा उभे होते, धापा टाकत, बर्फीचा डबा पुढे करून. लेक त्यांच्याकडे पाहत राहिली. “बाबा,” ती म्हणाली, “शाळेत आलात. तीस वर्षं लेट.” काका बाहीनं डोळे पुसत राहिले, असं काकू सांगतात. काकांना विचारलं तर ते म्हणतात, डोळ्यांत गिट्टीची धूळ गेली होती.

माझ्या नव्या पत्रकाचा मथळा आहे ‘रूळ बदला, पण बस द्या!’ आमच्या प्रवासी समितीतले म्हणतात मी मवाळ झाले. खुशाल म्हणोत, पहिली सही काकांची आहे, लाल पेन्सिलीनं.

परवा पत्रक द्यायला गेले तर ते फोन कानाला लावून बसले होते. तिकडचा मार्ग सुरू झाला होता, आणि लेक नातीला घेऊन पहिल्यांदाच त्या गाडीत बसली होती. नव्या रुळांचा आवाज ऐकायचाय असं आजोबांनी सांगितलं म्हणून नातीनं फोन डब्याच्या जमिनीला टेकवून धरला होता. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. इतक्या लांबून काय ऐकू येत होतं कोण जाणे. मांडीवर त्यांची किल्ली हळूहळू ताल धरत होती. मग फोन कधीतरी बंद झाला, पण त्यांनी तो कानावरून काढला नाही, आणि मीही पत्रक हातातच धरून उभी राहिले.