रेणुकावर ठेवलेली पाळत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी हे फिरवूनच मांडते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. आणि खरं सांगू का — तुमच्यावरही माझा पुरता विश्वास नाही. संशयाची सवय एकदा लागली की जाता जात नाही.

रेणुका माझी धाकटी जाऊ. तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबादची. लग्न होऊन उदगीरला आमच्या घरी आली, त्याआधी तिच्या वडिलांनी काहीही लपवलं नव्हतं. मुलीला पूर्वी कानात आवाज यायचे, आता गोळ्यांवर ठीक आहे, गोळ्या तेवढ्या चुकवायच्या नाहीत — बैठकीतच सांगून टाकलं होतं. दीर हो म्हणाला. सासूबाई नाक मुरडत का होईना, हो म्हणाल्या. मला कुणी विचारलं नाही, पण माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं.

मला सिनेमाचा भारी नाद. दुपारची भांडी आवरली की मी आणि माझा मोबाइल. वेडी बाई कशी असते ते मला काय कुणी शिकवायला हवं होतं? आधी गोड गोड बोलते. सगळ्यांच्या पाया पडते. मग आरशासमोर एकटीच हसते, केस मोकळे सोडते आणि शेवटी सुरी घेऊन पाळण्यापाशी उभी असते. रेणुका गोडच बोलायची — म्हणजे सुरुवात झाली, नाही का? गप्प बसली की वाटायचं, हिच्या मनात काहीतरी शिजतंय. हसली की वाटायचं, आता हसायला काय झालं? खरं तर ती गोळ्यांनी पेंगायची, आणि जागी असली की माझ्यापेक्षा चांगल्या भाकरी थापायची. पण भाकरी थापणारी वेडी मी कुठल्याच सिनेमात पाहिली नव्हती. म्हणून मी विळी माळ्यावर लपवू लागले. तिनं न्हाणीचं दार लावलं की बाहेर कान देऊन उभी राहायचे. लाज? छे. मी तर स्वतःला फार हुशार समजत होते.

एकदा ती माझ्या शेजारी येऊन बसली, मोबाइलमध्ये डोकावली. पडद्यावर एक बाई किंचाळत भिंत ओरबाडत होती. रेणुका बघत राहिली, मग म्हणाली, "अक्का, मी बी अशीच दिसते का वो?" मी "काहीतरीच तुझं" म्हणून मोबाइल उलटा ठेवला. ती गेल्यावर पुन्हा सुलटा केला.

माझा शिवा तेव्हा तान्हा होता. त्याची झोळी रोज बदलावी लागायची. त्या दुपारी ओली झालेली झोळी काढून मी दुसरं लुगडं कडीला बांधलं. सिनेमा ऐन रंगात आलेला — एक डोळा तिकडेच. गाठ कशीबशी मारली, शिवाला आत निजवलं आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसले. तो कुरकुरू लागला. रेणुका उठली आणि झोका देऊ लागली. एरवी मी तिला हातही लावू दिला नसता, पण सिनेमा सोडवत नव्हता. ती तेलुगूत काहीतरी गुणगुणत होती, ते ऐकू येत होतं. आणि मग — धप्प.

मी धावले. शिवा फरशीवर, कपाळातून रक्त. लुगड्याचं एक टोक कडीतून सुटून त्याच्या अंगावर पडलं होतं. धड मारलेली गाठ झोक्यानं सुटत नाही, हे कुठल्याही आईला कळतं. मलाही कळलं, लगेच कळलं. तेवढ्यात सासूबाई ओरडत आल्या, "काय झालं गं लेकराला? कुनी पाडलं?"

"हिनं लई जोरात झोका दिला," मी म्हणाले.

मला वाटलं, ती भांडेल. भांडली असती तर कदाचित मी — पण नाही, ते मला ठाऊक नाही. ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "दिला असंल अक्का. मला कळलंच न्हाई." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःवर नाही. सिनेमे काय मी एकटीनंच पाहिले होते? रक्ताचं निमित्त करून ते लुगडं मी त्याच संध्याकाळी धुऊन टाकलं.

शिवाला टाके पडले, तो लवकरच खेळायलाही लागला. दीर तिला लातूरला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मी. तिथे तिनं आपणहून सांगितलं — मला भान नव्हतं, माझ्या हातनं लेकरू पडलं. डॉक्टर शांत माणूस, सिनेमातल्या वेड्यांच्या डॉक्टरांसारखे मुळीच नव्हते. त्यांना कुठेतरी खटकलं असावं. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

मी म्हणाले, "हो."

गोळ्या वाढल्या. तिचे हात थरथरू लागले, चहाची बशी धरवेना. सासूबाई त्या हातांकडे बोट दाखवून शेजारणींना म्हणायच्या, बघा, आहे की नाही वेडी? आणि मी ऐकून घ्यायचे.

शिवा आता शाळेत जातो. काकी-काकी करत तिच्या मागे लागतो. ती लांबूनच हसते, हात पदरात गुंडाळून घेते. मला अजूनही तिचा संशय येतो — वेगळा. हिला कळलं असेल का? सगळं ठाऊक असून ही माझ्याशी इतकी नीट वागते का? मी अजून तिच्यावर नजर ठेवून असते.

मागच्या वर्षी डॉक्टर म्हणाले, नीट काळजी घेतली तर मूल होऊ द्यायला हरकत नाही. दीर हरखून गेला. सासूबाईसुद्धा तयार झाल्या. रेणुका सगळ्यांसमोर म्हणाली, "नगं. म्या लेकरू पाडलंय. अक्कानं डोळ्यानं बघितलंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. दीर तर असा बघत होता की मी नाही म्हणावं, काहीही करून नाही म्हणावं.

"बघितलंय," मी म्हणाले.

त्या दोघांना मूल नाही. ते मी होऊ दिलं नाही.