काळी बॅग आणि बाराचे टोले

फिरायला जाताना पाठीवरच्या बॅगेत काय काय घ्यावं, हे विचारायला फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीतले लोक माझ्याकडे येत असत. हल्ली येत नाहीत.

ही कीर्ती मला चिंचोटीच्या धबधब्यावर मिळाली. सोसायटीची सहल होती. सेक्रेटरींच्या चपलेचा अंगठा तुटला, मी बॅगेतून दाभण आणि दोरा काढला. शेजारच्या वहिनींचं बोट कापलं, मी हळदीची पुडी काढली. त्या दिवसापासून मी 'बॅगवाले काका' झालो. माणसाला एवढ्याशा गोष्टीने चढतं. मलाही चढलं.

मग मी नियम केले. घरातल्या सगळ्यांचं सगळं एकाच बॅगेत. बॅग माझ्याच पाठीवर. आणि महत्त्वाची वस्तू हाती आली रे आली की ती बॅगेत गेलीच पाहिजे. "खिसा कापला जातो, हात विसरतो, बॅग विसरत नाही," असं मी जिन्यात उभा राहून लोकांना सांगायचो. (लोक माना डोलवायचे. लिफ्ट बंद असली की लोकांना दुसरा इलाज नसतो.)

तर ही बॅग घेऊन आम्ही हैदराबादला गेलो. आम्ही म्हणजे मी, बायको सुनंदा आणि ऐंशीला टेकलेली माझी आई. जायचं कारण आई. तिचा थोरला भाऊ, आमचा बापूमामा, तरुणपणी नोकरीसाठी हैदराबादला होता. सुट्टीत घरी आला की तो तिथल्या म्युझियममधल्या घड्याळाचं वर्णन करायचा. तास भरला की दार उघडतं, दाढीवाला एवढासा माणूस बाहेर येतो, घंटेवर टोले देतो आणि आत जातो. "तुला दाखवीन एकदा," असं तो आईला म्हणायचा. ते राहूनच गेलं. मामा गेला, आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला. डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं, "आजी, आता काय बघायचंय?" आई म्हणाली, "घड्याळ." डॉक्टरांनी भिंतीवरचं दाखवलं.

तिला बघायचे होते ते बाराचे टोले. "तेव्हा तो सगळ्यात जास्त वेळ बाहेर असतो," असा तिचा हिशोब. आम्ही ते शेवटच्या दिवसावर ठेवलं होतं आणि संध्याकाळी परतीची गाडी होती. म्हणजे बारा एकदाच वाजणार होते.

त्या सकाळी निघताना बघतो तर बॅगेच्या हँडलला लाल फडकं बांधलेलं.

"हे काय गं?"

"ओळखू यावी म्हणून. हल्ली जो तो काळी बॅग घेऊन फिरतो."

"आपण शहर बघायला चाललोय, एसटीच्या टपावर गोणी चढवायला नाही." मी फडकं सोडून पलंगावर टाकलं.

"आणि म्युझियममध्ये नायलॉनची दोरी आणि पाना कशाला? काढून टाकीन हं मी एक दिवस."

"हात लावून तर बघ," असं म्हणून मी ऐटीत चपला घालायला गेलो.

रिक्षात धूळ फार होती, म्हणून आईने नवा चष्मा काढून सुनंदाकडे दिला. तिने तो नियमाप्रमाणे बॅगेत ठेवला. म्युझियमच्या दारात कळलं की बॅग आत नेता येत नाही, बाहेर काउंटरवर ठेवावी लागते. या दोघी पुढे गेल्या. मी बॅग काउंटरवर ठेवली, तिथल्या माणसाने टोकन दिलं. महत्त्वाची वस्तू हाती आली होती. मी ती बॅगेत टाकली, चेन लावली आणि बॅग त्याच्याकडे सरकवली.

आत घड्याळासमोर गर्दी झाली होती, तरी आईला पुढच्या रांगेत जागा मिळाली. ती पदर सावरून बसली आणि म्हणाली, "दे रे चष्मा."

मी पुन्हा काउंटरवर आलो.

"टोकन?"

"बॅग में है."

"बॅग कां है?"

"आप के पास."

"तो टोकन दिखाओ, बॅग लेके जाओ."

यात त्याचं काही चुकत नव्हतं, हेच मला जास्त लागलं. शेवटी त्याला दया आली. "कौनसा है, बोलो." मी छातीठोकपणे वरच्या ओळीतली काळी बॅग दाखवली. त्याने ती घेतली, स्वतःकडे तोंड करून उघडली आणि म्हणाला, "अंदर क्या है?"

मला हायसं वाटलं. हा तर माझा विषय.

"दोरी."

"नैं है."

"पाना. स्पॅनर."

"नैं."

म्हणजे सुनंदाने डाव साधला होता. माझा पारा चढला. तरी मी शांतपणे म्हणालो, "चष्मा देखो."

"नैं दिखता." त्याने आत हात घालून दुधाची बाटली काढली. "ये आपका?"

माझ्या डोक्याने भराभर जुळवाजुळव केली. आईला चहा लागतो. म्हणजे हिने दूध घेतलं असणार. "हां, मेरी माँ का है."

"माँ का?" त्याने बुचावरचं रबरी बोंड निरखून बघितलं. मग गुलाबी टोपडं वर धरलं. "ये भी माँ का?"

मागच्या रांगेत हसू फुटलं होतं. पण एकदा म्हटलं ते म्हटलं, माघार घेणं आमच्या घराण्यात नाही. "उसको ठंडी लगती है," मी म्हणालो.

तेवढ्यात रडणारं बाळ कडेवर घेतलेली एक बाई गर्दीतून पुढे आली. "वो हमारा बॅग है," ती म्हणाली. तिचा नवरा माझ्याकडे बघतच राहिला. आणि आतून पहिला टोला ऐकू आला.

आईने जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. एक घड्याळ मागितलं, तर तिला धुकं दाखवायला मी तिला इतक्या लांब आणलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की लोक हसतायत याचंही भान राहिलं नाही.

टोले चालू असतानाच सुनंदा आली. तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा टोपड्याकडे बघितलं. "भैया, वो नीचेवाला. ज्याच्या बुडाला लोणच्याचं तेल लागलंय ना, तो. अंदर रस्सी है, पाना है, चष्मा है. और लाल कपडा है, इन्होने निकालके फेका था." सगळं निघालं. तिने एकही वस्तू काढली नव्हती. सगळ्यात वर टोकन होतं.

चष्म्याची डबी घेऊन मी धावलो. आत टाळ्या संपून लोक उठत होते. आई जागेवरच होती आणि तिच्या नाकावर भलताच सोनेरी चष्मा होता.

"या बाईंचा," तिने शेजारच्या आजींकडे बोट केलं. त्या आजींना मराठी येत नव्हती, आईला तेलुगू. "मी डोळे चोळत होते, तर त्यांनी आपला काढून मला लावला. अरे, सगळे बारा टोले बघितले. बापू सांगायचा तस्साच आहे दाढीवाला." तिने डोळे पुसले. मीही पुसले. "तू कुठे होतास?"

मला बघता यावं म्हणून आई आणि सुनंदा एक वाजेपर्यंत थांबल्या. एक वाजता तो माणूस आला, त्याने एक टोला दिला. "हाच ना गं?" असं विचारायला मी आईकडे वळलो, तोवर दार लागलं होतं.

बाहेर पडताना सुनंदाने मुठीतलं नवं टोकन काउंटरवर ठेवलं. त्या माणसाने बॅग तिच्याकडे दिली आणि मानेनेच मला दाखवत तिला विचारलं, "ये भी आपकाइच सामान है क्या?"

"हां भैया," सुनंदा म्हणाली, "लेकिन इनका टोकन गुम गया है, इसलिए वापस नहीं कर सकती."